‘थांबा’ म्हणायची मुभा

रुग्णाचा जीव पदव्यांनी नव्हे, वेळीच बोलण्याने वाचतो. मुख्य सर्जन असलेल्या सरांचं हे वाक्य इस्पितळाच्या प्रत्येक मजल्यावर चौकटीत लावलं होतं. ऑपरेशन थिएटरमधली चौकट तिरकी होती. पण सरांना सांगायचं कोणी, म्हणून ती तशीच होती.

चाकू लावण्याआधी सगळ्यांनी क्षणभर थांबायचं, आणि शंका आली तर डॉक्टरपासून सफाईवाल्या मावशींपर्यंत कोणीही ‘थांबा’ म्हणायचं, ही पद्धत सरांचीच. आज ती बघायला दुसऱ्या इस्पितळांतले पाहुणे काचेपलीकडे माना उंच करून उभे होते.

सिस्टरांनी गुडघ्याला तपकिरी औषध फासलं आणि सरांना चूक दिसली. गुडघा उजवा होता. बदलायचा होता डावा.

घोळ कुठे झाला, तेही त्यांना लख्ख आठवलं. सकाळी त्यांचा लाडका शिष्य पायावर पेनाने बाण काढत असताना सर पाहुण्यांना बाणाचं महत्त्व समजावून सांगत होते. सगळे सरांच्या तोंडाकडे बघत होते. शिष्यसुद्धा.

पेशंटला भूल फक्त कमरेखाली दिली होती. तो जागा होता, बोलूही शकत होता. पण पेशंट कधी बोलतात?

“थांबूया,” शिष्य म्हणाला. आवाजात अभिमान मावत नव्हता. “डावा गुडघा. बाण?”

“आहे,” सिस्टर म्हणाल्या. बाण होताच.

“कोणाला काही शंका? सर, तुम्हाला?”

सरांनी वरच्या दिव्यावर नजर खिळवली.

“आज गप्प कसा रे?” भूल देणारे डॉक्टर, सरांचे जुने दोस्त, हसले. “तुझं तोंड बंद होईल असं औषध मी तरी दिलेलं नाही.”

काचेपलीकडे हशा पिकला. सरांचे कान तापले. बोलावं तर शिष्याची अब्रू जाणार, चौकटीतल्या वाक्याची जाणार, आणि मुख्य म्हणजे स्वतःची. माझ्या डोळ्यांदेखत चुकीचा बाण निघाला, हे सगळ्यांसमोर म्हणायचं कोणत्या तोंडाने?

“छान चाललंय,” ते म्हणाले. “होऊ दे.”

पाहुण्यांनी माना डोलावल्या.

ऑपरेशन नमुनेदार झालं. काही आठवड्यांनी सर काठी टेकत कामावर आले. त्यांचा उजवा गुडघा नवाकोरा होता. दुखत होता तो डावाच.