गळका हंडा

जुन्या भांड्यांची शिल्पं अंगावर चढवून नाचणाऱ्या शिल्पकार उमेशचं शहरात नाव झालं होतं. यंदा आपल्या गावच्या, सूर्यमाळच्या बोहाड्यासाठी, म्हणजे देवांची सोंगं नाचवायच्या उत्सवासाठी, त्याने आईच्या गळक्या हंड्याला डोळे कोरले आणि देवीचा मुखवटा घडवला. याच हंड्याने दरीतलं पाणी वाहत तिने त्याला वाढवलं होतं. मुखवटा चढला की नाचणारा देवच, आईनेही त्याच्या पाया पडायचं, ही इथली रीत. संबळाच्या तालावर तो नाचत आला, तशी आई पदर सावरून वाकली. उमेशला ते सोसवेना. त्याने मुखवटा काढून तिच्या डोक्यावर चढवला आणि पायांवर माथा टेकवला. संबळ थांबला. बाईने सोंग घेतल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. म्हातारा भगत थबकला, मग त्याने आरती ओवाळली. हंड्याआडून आवाज आला, “ऊठ रं पोरा, नाचू दे मला. जन्मात पयल्यांदा माझ्या डोईवरला हंडा हलका हाय.”