जाड काळी तार

दादा कमरेपर्यंत बॉनेटच्या आत गेला होता आणि बाहेर फक्त पँट उरली होती. धाकट्याच्या बायकोने पाण्याचा तांब्या ओट्यावर ठेवला आणि जे काही सांगायचं ते त्या पँटला सांगितलं.

"भाऊजी, संध्याकाळी माणूस येणार आहे गाडी न्यायला."

"तोवर सुरू करतो," पँट म्हणाली.

ती काहीतरी बोलणार होती, पण आत दूध उतू जाण्याचा वास आला आणि ती गेली. हल्ली तिचं दूध रोजच उतू जायचं.

धाकटा गेला त्याला महिना होत आला होता. सकाळी कालव्याकाठी फिरायला गेला आणि पाय घसरला. मागे बायको राहिली आणि ही गाडी. गाडी एवढीशी, आणि तिच्या पोटात मालवाहू व्हॅनचं इंजिन. जुनं इंजिन कायमचं बसलं तेव्हा धाकट्याने हे आणलं आणि स्वतःच बसवायला घेतलं. धाकटा हिशेबनीस होता. एकदा घरातला बल्ब बदलताना त्याने दुसऱ्या गावी राहणाऱ्या दादाला फोन केला होता. दादाने विचारलं, जुना काढलास का? धाकटा म्हणाला, काढायचा असतो का?

दादा गाड्यांचा वायरमन. त्याचं म्हणणं असं की इंजिन काय, चार माणसं उचलून कुठेही ठेवतील. खरी रड वायरिंगची. व्हॅनची हिरवी तार गाडीच्या हिरव्या तारेला ओळखसुद्धा दाखवत नाही. दोन्हीकडच्या मंडळींना एकत्र बसवून, कोण कुणाचं कोण लागतं ते एकेक करून लावावं लागतं. वर्षभर धाकट्याने ते फोनवर विचारून विचारून लावलं. त्याआधी दोघा भावांचं बोलणं म्हणजे जेवलास का, हो, ठेवू का, ठेव. गाडीने त्यांना बोलायला लावलं. बोलायचे ते अर्थात तारांवरच.

शेवटचा फोनही तसलाच.

"दादा, काही अर्थ नाही रे."

वायरमनच्या भाषेत अर्थ म्हणजे अर्थिंग, इंजिनापासून गाडीच्या पत्र्याला जाणारी जाड काळी तार. ती धड नसली की दिवे मिणमिणतात, हॉर्न कण्हतो, स्टार्टर अंग टाकतो. सगळंच बिघडलंय असं वाटतं आणि बिघडलेलं काहीच नसतं.

"कुठे नाही?" दादाने विचारलं.

"कुठेच नाही."

"कुठेच नाही म्हणजे मेन अर्थ गेला. घाबरू नकोस. गंज खरवडून काढ, पत्रा चकचकीत कर, नट घट्ट पिळ. मिळेल."

पलीकडे धाकटा थोडंसं हसला. "तुझ्याकडे सगळ्याला उपाय असतो."

"धंदा आहे बाबा," दादा म्हणाला, आणि नटावर व्हॅसलीन कसं चोपडायचं तेही समजावून सांगितलं. धाकट्याने मधे एकदाही तोडलं नाही. भावाची अडचण सुटली म्हणून दादाला त्या रात्री छान झोप लागली.

दुसऱ्या दिवशी कालवा.

गाडी विकायची ठरल्यापासून दादाच्या डोक्यात एकच होतं. न्यायला येणारा माणूस भंगारवाला असणार, दुसरं कोण घेणार असलं ध्यान. तो ती क्रेनला टांगणार, शेपटीला धरून उंदीर न्यावा तशी. धाकट्याच्या हातची ही एवढीच वस्तू. ती गेली तर स्वतःच्या चाकांवर गेली पाहिजे. दादाने बॅटरी आणली होती, मीटर आणला होता, आणि घरी स्वतः बनवलेली नवी अर्थाची तारही आणली होती, चांगली मनगटाएवढी.

आधी सगळं तपासायचं, मग चावी, ही दादाची पद्धत. तो एकेक तार बोटांतून ओढत गेला. धाकट्याने प्रत्येक तारेला कागदी चिकटपट्टी लावून सुबक अक्षरात नाव घातलं होतं. 'पंखा'. 'पेट्रोलचा पंप'. 'ही नव्हे'. 'हीपण नव्हे'. एकीवर होतं, 'दादाला विचारणे'. ती तार दादाने जरा जास्त वेळ हातात धरली.

शेवटी तो जाड काळ्या तारेपाशी पोचला.

पत्रा चकचकीत होता. नट इतका घट्ट की पान्याला दाद देईना. वर व्हॅसलीनचा पातळ थर. मीटरचा काटा जिथे हवा तिथे, केसभर इकडेतिकडे नाही.

दादा बाहेर आला आणि बंपरवर बसला. म्हणजे सकाळी उठून त्याने आधी हे केलं. सांगितलं तसं, सांगितलं त्या क्रमाने. मग हात धुऊन फिरायला गेला. निदान तेवढं तरी त्याला मिळालं. दादा महिनाभरात रडला नव्हता. आता तो तेलकट हाताने डोळे पुसत राहिला आणि तोंड काळं करून घेतलं.

मग त्याने चावी फिरवली. पहिल्याच फटक्यात इंजिन लागलं, आणि ती एवढीशी गाडी व्हॅनच्या आवाजात घुमू लागली.

धाकट्याची बायको पदराला हात पुसत दारात आली. गाडीकडे न बघता दादाच्या काळ्या तोंडाकडे बघत राहिली.

"बघ," दादा म्हणाला, "त्या मंगळवारी संध्याकाळी मला फोन करून म्हणाला, कुठेच अर्थ नाही. एवढासा आवाज झाला होता त्याचा. मी सांगितलं आणि बुधवारी सकाळी उठून नीट लावून गेला. शहाणा माझा."

तिने एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे.

"मंगळवारी?" ती म्हणाली. "भाऊजी, गाडी तर चांगली चालत होती. मंगळवारी दुपारी याच गाडीतून मला माहेरी सोडून आला तो."