ओळखीचा हात

माझ्या हौशी रेडिओचा व्हॉल्व्ह, म्हणजे आतला बल्बसारखा काचेचा दिवा, गेला, तेव्हा असलं जुनं सामान ठेवणारं एकच दुकान गावात उरलं होतं.

"हा शेवटचा," दुकानदार म्हणाले. "लावून दाखवतो. न बघता न्यायचा नाही."

त्यांनी काउंटरवरच्या सेटमध्ये व्हॉल्व्ह बसवला. काचेत तांबूस उजेड आला आणि पाठोपाठ मोर्स संकेतांची पिपपिप सुरू झाली. आवाजावरून माणूस ओळखावा, तसा मोर्समध्ये आम्ही रेडिओवाले पाठवणाऱ्याचा हात ओळखतो. हा हात प्रत्येक लांब सुराच्या शेवटी अडखळत होता. दारात चेंगरलेल्या बोटामुळे माझाही अगदी तिथंच अडखळतो.

निरोप एकच होता, पुन्हा पुन्हा येणारा: काढू देऊ नकोस.

"काका, राहू द्या तो तसाच," मी म्हणालो.

"सगळे असंच म्हणतात," ते हसले. "मग घरी काय नेणार, डोंबल?"

हातावर फडकं घेऊन त्यांनी व्हॉल्व्ह धरला आणि सैल करायला जरासा हलवला.

माझ्या पायाखालची फरशी हलली.

मी दाराकडे धावलो. दार सताड उघडं होतं, समोर रस्त्यावर माणसं चालली होती. बाहेर पडायला हात पुढे केला, तर हाताला काच लागली. गरम होती.