पुल्लाचे कान

"पुन्हा तेच!" मार्लिसने कापसाचा बोळा बाबांच्या नाकासमोर धरला. बोळ्यावर कॉफीच्या गाळासारखी काळी घाण होती. तिच्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली पुल्ला मांजरी गुरगुरत होती. सोडल्याबरोबर ती टेबलाखाली पळाली, मान झटकली आणि मागच्या पायाने कान ओरबाडत सुटली. कानामागची कातडी सोलवटून लाल झाली होती.

"औषध घातलं होतंत?"

"घातलं," तिचे बाबा एइनो लाहती म्हणाले.

"रोज?"

"रोज. सकाळी, कॉफीच्या आधी."

"मग बाटली आत्ताच कशी संपली? अजून कितीतरी दिवस पुरायला हवी होती."

"हल्ली बाटल्याच लहान करतात," असं म्हणून म्हातारा खिडकीबाहेरच्या बर्फाकडे बघत बसला.

मार्लिसने दात आवळले. हिवाळाभर हेच चाललं होतं. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी तिला पुल्लाच्या कानातली घाण भिंगाखाली दाखवली होती. त्यात पांढरे ठिपके वळवळत होते. हे किडे एका मांजराकडून दुसऱ्याकडे जातात, बाई म्हणाल्या होत्या. घरातल्या सगळ्या मांजरांना औषध घालायचं. अंडी फुटून नवे निघतात, म्हणून मध्येच थांबायचं नाही. "घरात आणखी कुणी?" त्यांनी विचारलं होतं. "छे, ही एकटीच," मार्लिसने सांगून टाकलं होतं. पुढच्या खेपेलाही तोच प्रश्न आणि तेच उत्तर. दोन्ही वेळा बाबा शेजारी टोपी हातात घेऊन उभे होते.

"नीट घातलं तर जायलाच हवेत," बाई कोड्यात पडल्या होत्या.

मार्लिसला कोडं पडलं नव्हतं. बाबा ऐंशीच्या पुढे गेले होते. आई गेल्यापासून एकटे राहत होते. पानगळीत अंगणातल्या सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, पायरीवरून घसरून पडले होते, तेव्हापासून तिने सौना बंद करायला लावली होती. औषध घालायचं ते विसरतात आणि 'रोज' म्हणून सांगतात, नाहीतर थेंब गोधडीवर सांडतात, याबद्दल तिची खात्री झाली होती. मार्केट शहरातल्या वृद्धांच्या निवासात एक खोली रिकामी झाली होती. तिथे मांजर चालत नव्हतं. उत्तर या आठवड्यात द्यायचं होतं. त्यांचं हे विसरणं डोळ्यांनी बघावं आणि मन घट्ट करावं, असं तिने ठरवलं.

दोन दिवसांनी ती न कळवता सकाळीच आली. घरात कुणी नव्हतं. खुंटीवर कोट नव्हता. हाका मारल्या, ओ नाही. मागच्या दारातून बघितलं तर अंगणाच्या टोकाला सौनाच्या धुराड्यातून धूर निघत होता.

"देवा रे!" गुडघाभर बर्फातून ती तशीच धावत सुटली. धडपडत पोचली आणि दार ओढलं.

बाबा बाकावर बसले होते. अंगात कोट, डोक्याला टोपी. मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला एक काळा, दांडगा बोका होता. बाबांनी त्याच्या कानात थेंब सोडले, कानाचं मूळ बोटांनी चोळलं, बोक्याला मान झटकू दिली आणि वर आलेली घाण कापसाने पुसून काढली. मग दुसरा कान. हात जराही हलत नव्हता. खालच्या बाकावर एक हडकुळी पट्टेरी मांजरी पसरली होती. तिच्या पोटाशी पुल्ला झोपली होती.

"दार लाव आधी," बाबा म्हणाले. "ऊब जातेय."

"ही कुणाची मांजरं?"

"कुणाचीच नाहीत. थंडी पडली तशी आली. पुल्ला यांच्यातच येऊन झोपते. तिचे कान साफ केले की यांच्या कानातले किडे पुन्हा तिच्या कानात. सगळ्यांना घाला म्हणाल्या ना बाई? मग घालतो सगळ्यांना. पण बाटली एका मांजराची. तिघांत किती पुरणार?"

"आणि हे तुम्ही मला आज सांगताय? बाईंनी दोनदा विचारलं, बाबा!"

"तुला विचारलं. तू एकच म्हणालीस."

"मग तुम्ही बोलायचं!"

"बोललो असतो, तर तू म्हणाली असतीस, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, रस्त्यावरची मांजरं गोळा करतोय. फोनवर त्या खोलीबद्दल बोलतेस ना? मी म्हातारा झालोय पोरी, बहिरा नाही."

मार्लिस ओल्या बुटांनिशी बाकावर बसली. हिवाळाभर साठवलेला राग आता कुणावर काढावा, तिला कळेना. बोका टॉवेलातून तिच्याकडे डोळे वटारून बघत होता. मग तिने खिशातून फोन काढला. निवासाच्या व्यवस्थापकाचा निरोप येऊन पडला होता. तो न उघडताच तिने दवाखान्याला फोन लावला.

"कानाचं औषध हवंय. लाहती," ती म्हणाली. "पण या वेळी जास्त लागेल."

"किती मांजरं?" पलीकडून विचारलं.

मार्लिसने एकवार सगळीकडे नजर फिरवली. "तीन," ती ठणकावून म्हणाली.

बाबांनी बोक्याला खाली सोडलं. तिच्याकडे नीट निरखून बघितलं, आणि मग जरा खाकरून म्हणाले, "चार सांग. चौथीला मी तुझ्यापासून लपवून ठेवलंय."