खपली न धरलेली जखम

सुगंधाआत्याच्या बोटावरची जखम पाऊण सेंटिमीटर लांब होती, आणि विळी लागून अकरा दिवस झाले तरी तिच्यावर खपली धरली नव्हती. शरयूने भिंगातून पुन्हा पाहिलं. कडा अजून ताज्या, ओल्या होत्या.

“सूज नाही की पू नाही,” सुगंधाआत्या कौतुकाने म्हणाली. “तुझ्या गुळवेलीचा गुण गं! शेजारची द्वारका म्हणते, शरयूने अमृतच काढलं.”

शरयूने प्रयोगशाळेत घडवलेली ती वेल आता घरोघरच्या कडुनिंबावर चढली होती. तिचा काढा शरीराला झिजवणारं ऑक्सिडीकरण जवळजवळ थांबवत होता. म्हातारपण लांबणीवर पडलं, ते सगळ्यांना दिसलं. पण पांढऱ्या पेशी जंतूंना जाळतात तेही ऑक्सिडीकरणानेच, आणि ती आगही विझली होती. चैत्रात काढा पाजलेले शरयूचे प्रयोगातले उंदीर असेच मेले होते. ना सूज, ना ताप. ‘मात्रा चुकली’ असं लिहून तिने वही मिटली होती.

आत्याचा हात गार लागला. नखं निळसर झाली होती; जंतू रक्तात पोचले होते. सवयीने आत्याने काढ्याचा पेला उचलला.

“आत्या, पिऊ नकोस,” शरयू म्हणाली. “मात्रा चुकली नव्हती. माझी वेलच माणसं मारते आहे, आणि आज मी हे सगळ्यांना सांगणार आहे.”