गुळाचा खडा

"ह्या आमटीत गुळाचा खडा पडला असता तर!" केळीच्या पानावरचं सांबार चाखत प्रमिलाबाई पुटपुटल्या.

तंजावरला येऊन तीन दिवस झाले होते. लेक-जावई त्यांना हौसेनं साताऱ्याहून घेऊन आले होते. आज सकाळीच राजवाडा पाहिला, मोठं देऊळ पाहिलं. पण ती दोघं सारखी मोबाइलवर रस्ते शोधण्यात नाहीतर फोटो काढण्यात दंग. बाहेर कुणाशी बोलावं, तर भाषेचं अक्षर कळेना. गप्प राहून राहून बाईंचा जीव आंबून गेला होता.

"गूळ देऊ काय, अक्का?"

खानावळीत वाढणाऱ्या म्हाताऱ्या बाई चक्क मराठीत विचारत होत्या. प्रमिलाबाई आधी ओशाळल्या, मग चमकल्या. "अहो, तुम्ही मराठी?"

"आम्ही इथलेच. दहा-बारा पिढ्या झाल्या. घरात मराठीच बोलतो." बाईंनी सांबाराची बादली खाली ठेवली. "म्हणजे, बोलत होतो. आता यजमान गेले, मुलं तमिळच बोलतात. तुम्ही बोला की काहीतरी."

"काय बोलू?"

"काहीपण."

प्रमिलाबाईंनी त्यांना शेजारी बसवून घेतलं आणि सुरुवात केली. नळाला दिवसाआड येणारं पाणी, शेजारणीचं आगाऊ मांजर, यंदा बुरसलेलं लोणचं. लेकीनं दोनदा घड्याळ दाखवलं, पण इकडे लक्ष कुणाचं होतं! म्हाताऱ्या बाई कीर्तनाला बसावं तशा ऐकत होत्या, आणि प्रमिलाबाई श्वास घ्यायला थांबल्या की म्हणत होत्या, "पुढं?"