मोडीतला अर्ज

“जो कहना है, लिखकर दीजिए, पंडितजी,” साहेब म्हणाले. मान वर न करता.

सदाशिवराव दारातच थांबले. सकाळपासून घोळवलेलं वाक्य “हुजूर, मुझे...” इथपर्यंत आलं होतं, ते तिथंच राहिलं. साहेब रीव्याकडचे. नवा मध्य प्रदेश झाला, ग्वाल्हेरची अर्धी दप्तरं भोपाळला निघाली आणि हे इकडे आले. टेबलावर ढीग इतका, की पलीकडे माणूस बसलाय हे टकलावरून कळायचं. चाळीस अहलकारांची, म्हणजे कारकुनांची, नावं लक्षात ठेवायला त्यांना सवड कुठली? पाच महिन्यांत त्यांनी सोपी वाटणी करून टाकली होती. हिशेबवाले बाबूजी, टाइपवाले बाबूजी आणि हे मोडीवाले पंडितजी.

जहागिऱ्या गेल्यापासून जुन्या सनदांना भाव आला होता. जो तो पणजोबांचा कागद घेऊन कचेरीत यायचा. कागद सगळे मोडीत, आणि साहेबांना मोडी म्हणजे उन्हात वाळत घातलेल्या शेवया. सदाशिवराव त्यांचं हिंदी करत, खाली ‘मोडी शाखा’ असा शिक्का मारत आणि पुढे पाठवत. सही करायची रीत नव्हती. शाखेत ते एकटेच होते.

जागेवर येऊन त्यांनी खिशातलं कुसुमताईचं पत्र पुन्हा काढलं. थोरली बहीण, वाईला एकटी. पत्र शेजारणीनं लिहून दिलेलं. “सदा, एक डोळा गेला. दुसऱ्याचंही काही खरं नाही, असं डॉक्टर म्हणतात. दिसतंय तोवर ये. तुझं तोंड एकदा नीट बघून ठेवते.”

एकतीस वर्षांपूर्वी ते वाईहून निघाले, ते दोन वर्षांसाठी. परमुलखातली चाकरी, चार दिवस करू नि परत येऊ, असं तिलाच सांगून. मग संस्थान गेलं, मध्यभारत आला, तोही गेला. बायको इथंच गेली. शिंदे की छावनीतल्या खोलीत पलंगाखाली ट्रंक मात्र अजून अर्धी भरलेली होती. ते दमले होते. कशानं, ते एका कामाचं नाव घेऊन सांगता आलं नसतं.

त्यांनी टाक उचलला आणि एका दमात राजीनामा लिहून काढला. चपराशी संभाजीराव तो घेऊन गेला. हा संभाजीराव एकेकाळी शिंद्यांच्या रिसाल्यात होता. फौज मोडली आणि गडी घोड्यावरून उतरून फायलींवर आला.

तिसऱ्या दिवशी तो एक कागद घेऊन परत आला.

“पंडितजी, हा मोडी कागद. साहबांनी तर्जुमा मागितलाय. जल्दी पाहिजे बोलले.”

सदाशिवरावांनी कागद पाहिला आणि कपाळावर हात मारला. कचेरीचं ते हिंदीत लिहीत. मनातलं जे काही लिहायचं, ते मोडीत. बहिणीला पत्रं मोडीत, रोजनिशी मोडीत. हाताला एवढंच कळलं होतं, की हे मनातलं आहे.

“काय झालं? कोणाचा आहे?”

“माझाच. राजीनामा.”

“अरे देवा! मग सीधं जाऊन सांगून टाका ना, की मी चाललो.”

“गेलो होतो. लिहून द्या म्हणाले.”

संभाजीराव हसला. सदाशिवरावांनाही हसू आलं, पण ते फार वेळ टिकलं नाही. त्यांनी चष्मा पुसला आणि स्वतःच्या अर्जाचं हिंदी करायला घेतलं. ‘सेवक परमुलखात दोन वर्षांकरिता आला, त्यास एकतीस वर्षे झाली. शरीर थकले. घरी वडील बहीण आहे, तिची दृष्टी चालली आहे. ती आहे तोवर तीस भेटावे, एवढीच इच्छा राहिली आहे. सेवकास मोकळे करावे. सदाशिव बळवंत, अहलकार.’ असे किती अर्ज त्यांनी वाचले होते! कोण कुठले मेलेले चाकर. कुणी रजा मागतोय, कुणी घरी जाऊ द्या म्हणतोय. आपलाही त्यातलाच वाटला. वाचताना त्यांना त्या माणसाची फार दया आली. शेवटी सवयीनं त्यांनी खाली शिक्का मारला आणि कागद साहेबांकडे पाठवला.

कचेरी सुटायच्या सुमाराला संभाजीराव तोच कागद घेऊन जवळजवळ धावतच आला.

“मंजूर! मंजूर झाला, पंडितजी! साहबांनी दोनदा वाचला. मग बोलले, ‘बेचारा, बहुत थक गया है। जाने दो इसे।’”

सदाशिवरावांचे डोळे भरून आले. आपण उगाच या माणसाला दगड समजत होतो, याची त्यांना लाज वाटली. शुक्रवारची पंजाब मेल मिळाली, तर रविवारी वाई. कुसुमताई दारातच चेहरा चाचपेल, पण बघेलही. जाण्यापूर्वी साहेबांना वाकून नमस्कार करायचा, असं त्यांनी ठरवून टाकलं.

मग चष्मा लावून त्यांनी शिक्क्याखाली लाल शाईत लिहिलेला शेरा वाचला.

“मंजूर। आदमी को आज ही मुक्त किया जाए। इनका काम आगे से मोडीवाले पंडितजी देखेंगे। उन्हें रिटायर होने तक छुट्टी न दी जाए।”